कंपालात डुकरं पाळायची म्हणताय?

मी युगांडात आलो तो खाद्याच्या गिरणीत नोकरीला. कोंबडीखाद्य कळत होतं, डुक्कर नाही. पहिल्याच रविवारी मंडळी ‘पोर्क जॉइंट’वर घेऊन गेली. कोळशावर भाजलेलं डुकराचं मटण, सोबत कसावा आणि कच्चा कांदा-टोमॅटो. ती गर्दी बघून डोकं फिरलं. वर्षभरात कंपालाजवळच्या मुकोनोकडे एका स्थानिक मित्राबरोबर भागीदारीत दहा माद्या घेतल्या.

नवा माणूस आधी डुकराची जात विचारतो: लार्ज व्हाइट की कँबरो? त्याआधी खाद्याचं बघा, सगळा पैसा तिथेच जातो. मक्याचा कोंडा आणि व्हिक्टोरिया सरोवरातली वाळवलेली मुकेने मासळी, हा मुख्य आधार. ही मासळी बहुतेकदा वाळूवरच वाळवतात. मूठभर घ्या, पाण्यात ढवळा, तळाला काय बसतं ते बघा आणि मगच भाव करा.

दलाल डुक्कर नजरेनं तोलतो, आणि त्याची नजर कायम त्याच्याच बाजूची. शिंप्याची टेप ठेवा. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले कानामागून शेपटीपर्यंतची लांबी, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले 69.3, म्हणजे अंदाजे किलो. दलाल मात्र एक तपासणी मनापासून करतो. तोंडात काठी घालून जीभ बाहेर ओढतो आणि खालून बोट फिरवतो. साबुदाण्यासारखे दाणे लागले, की फीतकृमीच्या गाठी आहेत असं समजून भाव पाडतो. मोकाट सोडलेल्या, माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकरांत हे सापडतं. म्हणून बांधून पाळा आणि संडास पक्का ठेवा.

मागणी नाताळात चढते, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात उतरते. मादीचे गाभणपणाचे दिवस 114. डिसेंबरला सहा महिन्यांचं डुक्कर हवं, तर फेब्रुवारीतच नर दाखवावा लागतो.

आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर. 1921 साली शेजारच्या केनियातून याची पहिली नोंद झाली. माणसाला होत नाही, डुकराला औषध नाही. आमच्याकडे तो बहुधा बुटांवरून आला, कारण गावभर फिरणाऱ्या दलालांना मी सरळ गोठ्यात नेत होतो. आठवड्यात सात माद्या गेल्या. चालत्या दोन मी घाईनं निम्म्या भावात विकल्या. सगळे तेच करतात, आणि साथ त्याच वाटेनं पुढच्या गावात जाते. तेव्हा हे मला माहीत होतं, तरी विकल्या.

आता दलाल फाटकाबाहेर थांबतो. डुक्कर आम्हीच बाहेर आणतो, टेप लावतो. तो अजून कुरकुरतो.