ब्रसेल्स स्प्राउट्स घरच्या घरी ग्रिल करायचे तर

ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्या इवल्याशा गड्ड्यांसारखी दिसणारी भाजी, आवडत नाहीत असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते उकडलेलेच खाल्लेले असतात, मऊ गिळगिळीत, फिकट पडलेले आणि वर तो उग्र वास. खरंच सांगते, त्या भाजीवर तो अन्याय आहे. हीच भाजी कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर नीट भाजली तर बाहेरून खमंग, कडा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी मऊ होते, आणि पुण्यात थंडीच्या दिवसांत मिळतेही चांगली, त्यामुळे एकदा तरी नीट पद्धतीने करून बघाच. ग्रिल पाहिजे, बार्बेक्यू पाहिजे, असलं काहीच नाही. तवा चालतो, आणि माझ्या मते तवाच सगळ्यात भारी.

आधी घ्यायचे कुठून. मंडईत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला जिथे ब्रोकोली, झुकिनी, लाल पिवळ्या ढोबळ्या मिरच्या मांडलेल्या असतात तिथे विचारा, मोठ्या सुपरमार्केटमधे पण ठेवतात आणि आता घरपोच भाजीच्या अ‍ॅपवरही दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतलेले बरे, कारण हे थंड हवेचं पीक आहे, गारठा पडला की त्यात साखर वाढते आणि चव गोडसर होते. एप्रिल मे मधे मिळाले तरी मी घेत नाही, महाग असतात आणि पानं सैल पडलेली असतात. घेताना एकेक हातात घेऊन दाबून बघा, घट्ट आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. रंग हिरवागार, खालचा देठाचा काप पांढरट, पिवळी पानं किंवा काळे ठिपके असले तर सोडून द्या. आकार शक्यतो लहान, लिंबाएवढा किंवा त्याहून जरा छोटा, मोठे झाले की चव कोबीकडे जास्त झुकते. आणि सगळे साधारण एका मापाचे निवडा, नाहीतर तव्यावर बारके करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. पाव किलोत दोन-तीन जणांचं होतं. आणल्यावर न धुता पिशवीत घालून फ्रिजमधे ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, जितके जास्त दिवस ठेवाल तितका वास उग्र होत जातो.

आता कडवटपणाबद्दल थोडं, कारण ते समजलं की पुढची सगळी पद्धत आपोआप पटते. ब्रसेल्स स्प्राउट्स, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकच जात, फक्त माणसाने वेगवेगळे भाग वाढवत नेले. ब्रसेल्स स्प्राउट्सच्या झाडाला एक उंच जाड खोड असतं आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक असे कोंब खालपासून वरपर्यंत लागलेले असतात. या सगळ्या घराण्यात गंधकवाले घटक असतात, तेच कडू आणि तिखटसर लागतात. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधे हान्स व्हॅन डोर्न नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं की स्प्राउट्सचा कडवटपणा मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन या दोन घटकांमुळे आहे, मग बियाणं कंपन्यांनी जुनी कमी कडू वाणं हुडकून ती आताच्या भरघोस पीक देणाऱ्या वाणांशी संकरित केली. म्हणजे तुमच्या आईबाबांनी कधीकाळी परदेशात खाऊन नावं ठेवली असतील तर ती भाजी खरंच जास्त कडू असू शकते. राहिला वासाचा प्रश्न, तर तो येतो जास्त शिजवल्यामुळे, खूप वेळ पाण्यात उकळलं की गंधकाचे वास सुटायला लागतात. म्हणून कमी वेळ आणि जास्त आच. थोडा कडसरपणा राहतोच आणि राहू द्या, मेथी आणि कारलं आवडीने खाणाऱ्या घरात त्याची काय भीती.

साफ करताना पानांच्या आत बघायचं, कोबीसारखीच यात मावा नावाची बारीक कीड असू शकते. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. बाहेरची एक-दोन पिवळट पानं काढा, देठाचा वाळलेला भाग अगदी पातळ चकतीएवढाच कापा. इथे हात आवरायचा, कारण देठ जास्त कापला की पानांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तव्यावर सगळं सुटं होतं. मग देठावरून उभे दोन भाग करा. गळून पडलेली सुटी पानं टाकू नका, ती शेवटी तव्यावर टाकली की अशी कुरकुरीत होतात की वाढेपर्यंत उरत नाहीत.

आता खरी पायरी, ज्यावर सगळं अवलंबून आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. नुसते कच्चे तव्यावर टाकले तर बाहेरून काळे आणि आत कडक असं होतं. म्हणून आधी अर्धवट शिजवून घ्यायचे. लिटरभर पाणी खळखळ उकळवा, त्यात चमचाभर मीठ, अर्धे केलेले स्प्राउट्स टाका आणि तीन मिनिटांत काढा, जास्तीत जास्त चार. सुरीचं टोक थोडा जोर लावून आत गेलं पाहिजे, सहज गेलं म्हणजे जास्त झालं. कडवटपणाचा काही भाग या पाण्यात निघून जातो, शिवाय भाजी चिरल्यावर किंवा चावल्यावर ज्या एन्झाइममुळे तो तिखट झटका येतो ते उष्णतेने बंद पडतं. लगेच गार पाण्यात टाकून शिजणं थांबवा. मायक्रोवेव्ह असेल तर भांड्यात दोन चमचे पाणी घालून झाकून अडीच-तीन मिनिटं, तेही छान होतं आणि भांडी कमी पडतात.

आणि मग कोरडे करा, म्हणजे खरोखर कोरडे. चाळणीत निथळवून स्वच्छ सुती पंचावर कापलेली बाजू खाली करून पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. कारण पाणी आहे तोपर्यंत भाजीचा पृष्ठभाग शंभर अंशाच्या वर जातच नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण एकशे चाळीस अंशाच्या पुढे जावं लागतं. ओले टाकले की तव्यावर फक्त वाफेत शिजतात, तुम्ही कितीही वेळ भाजा, रंग येणार नाही.

तवा बिडाचा असेल तर तोच घ्या, जाड असल्यामुळे भाजी टाकल्यावर लगेच गार पडत नाही. नॉनस्टिक एवढा कडक तापवायचा नसतो, त्यापेक्षा लोखंडी कढई किंवा जाड बुडाचा फ्रायपॅन चालेल. स्प्राउट्सना आधी एका परातीत दीड टेबलस्पून तेल आणि पाव चमचा मीठ चोळून घ्या (पाण्यात मीठ होतं हे विसरू नका). तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, घाण्याचं तेल चवीला सुंदर पण लवकर धूर सोडतं, ते हवंच असेल तर शेवटी वरून अर्धा चमचा घाला. तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे, मग आच मध्यमच्या जरा वर आणा आणि एकेक अर्धुक कापलेली बाजू खाली करून ठेवा. मधे बोटभर जागा सोडा, गर्दी केली की वाफ कोंडते. बसत नसतील तर दोन घाणे करा, घाई नको.

आणि आता हात लावायचा नाही. आपल्याला सवय असते सारखं परतायची, पोह्यांसारखं उलथणं फिरवत राहायचं, पण इथे चार ते पाच मिनिटं नुसतं बघायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, मग चरचर आवाज बदलतो, कडेला तांबूस रेघ दिसायला लागते, तेव्हा एक उचलून बघा. गडद तपकिरी, कुठे कुठे जवळजवळ काळा, असा रंग आला की उलटा. गोल बाजूला दोन मिनिटं पुरतात. उचलताना चिकटतोय म्हणजे अजून तयार नाही, रंग धरला की आपसूक सुटतो.

कोळशावर करायची हौस असेल तर गच्चीवर किंवा अंगणात शेगडी पेटवा, फ्लॅटच्या आत किंवा बंद बाल्कनीत अजिबात नाही, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही आणि जिवावर बेततो. सोसायटीत गच्ची वापरायची तर आधी विचारून घ्या. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की आच बरोबर असते, ज्वाळा असताना ठेवू नका. इथे स्प्राउट्स अख्खे ठेवायचे, उकळत्या पाण्यात मात्र मिनिटभर जास्त, आणि सळई देठातून घालायची म्हणजे पानं सुटत नाहीत. दोन सळया समांतर घातल्या तर फिरवताना गोल गोल गरगरत नाहीत, एका सळईवर नेहमी तेच होतं. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. आठ-दहा मिनिटांत होतात, दोन-तीनदा फिरवायचे. ओटीजीत करायचे तर पाण्याची पायरी सोडून द्या, अर्धे करून तेल मीठ लावून दोनशे वीस अंशावर वीस-पंचवीस मिनिटं, ट्रे आधीच आत तापवलेला असला की खालची बाजू मस्त धरते.

चव काय द्यायची हा भाग माझा सगळ्यात आवडता. नियम एकच, लसूण, गूळ, मध, लिंबू हे सगळं गॅस बंद केल्यावर किंवा शेवटच्या मिनिटात, आधी घातलं की जळून कडू होतं आणि मग दोष भाजीला. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते चिंच-गुळाचं, एक चमचा चिंचेचा घट्ट कोळ, एक चमचा चिरलेला गूळ, चिमूटभर गोडा मसाला आणि लाल तिखट, सगळं कोमट करून गरम स्प्राउट्सवर ओतायचं आणि वरून भाजलेले तीळ. दुसरं म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दाण्याचं जाडसर कूट, वर लिंबू, ज्वारीच्या भाकरीबरोबर हे इतकं जमतं की वेगळी भाजी लागत नाही. कारळ्याची चटणी भुरभुरून पण करून बघा, कडवटपणाला तिचा खमंगपणा छान पेलतो. पाहुणे येणार असतील तर डेअरीतून चक्का आणा, त्यात थोडं मीठ, किसलेला लसूण, मिरपूड घालून ताटलीत पसरा आणि गरम स्प्राउट्स त्यावर मांडा. चीज आणि मेयोनीज मात्र नको असं मला मनापासून वाटतं, भाजलेली चव सगळी झाकली जाते.

घरात कोणी वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर एक लक्षात ठेवा, यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे एकदम रोज खायला सुरुवात करायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

बाजारात मिळालेच नाहीत तर हीच पद्धत कोबीला लावा, छोटा घट्ट गड्डा घेऊन देठासकट आठ उभ्या फोडी करायच्या, देठ ठेवला की फोड एकसंध राहते, बाकी सगळं तसंच. नवलकोलच्या बोटभर जाड चकत्याही तव्यावर अशाच छान होतात, फक्त पाण्यात पाच मिनिटं ठेवा. आणि स्प्राउट्स उरलेच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमधे गरम करू नका, तो उग्र वास परत येतो, बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात मळा नाहीतर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतून डब्यात द्या.