रोकोको दालन पाहावे कसे? आधी भिंत आणि छताचा सांधा

अठराव्या शतकातील युरोपच्या रोकोको या सजावटशैलीच्या दालनात शिरलेला माणूस आधी दिपतो आणि थोड्याच वेळात कंटाळतो, कारण सोनेरी वेलबुट्टी, आरसे, गुबगुबीत देवदूत आणि झुंबरे यांच्या गर्दीत नेमके काय पाहायचे हे त्याला उमगत नाही. अशा वेळी चित्रे, रंग आणि खुर्च्या बाजूला ठेवून भिंत जिथे छताला भिडते त्या सांध्यावर प्रथम नजर लावावी. या शैलीने आपले सारे कसब तिथेच पणाला लावले आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय राजवाड्यातील आरसेमहालात या सांध्यावरून जाडजूड कंगणी, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी, सरळ धावते. भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झाले याबद्दल शंका उरत नाही. 1715 मध्ये हा राजा वारला, दरबार काही वर्षे पॅरिसला आला, उमराव मंडळी शहरातील आपल्या वाड्यांकडे वळली आणि दरबारी थाटापेक्षा गप्पागोष्टींना सोयीच्या, आटोपशीर खोल्या हव्याशा झाल्या. पॅरिसच्या ओतेल द सुबीझ या वाड्यात वास्तुकार जेरमँ बोफ्राँ याने 1730 च्या दशकात केलेले लंबवर्तुळाकार दालन याचा उत्तम नमुना आहे. तिथे खिडक्या, दारे आणि आरसे यांच्या कमानी वर चढतात, दोन कमानींमधल्या जागेत चित्रकार नात्वारने रंगवलेली, प्राचीन पुराणकथांतील सायकीच्या कथेतली चित्रे बसतात आणि त्यांच्या माथ्यावरची सोनेरी किनार लाटेसारखी खालीवर होत निळ्या छतात शिरते. ही किनार बोटाने हवेत गिरवून पाहावी; बोट कुठेच आडव्या रेषेत स्थिरावत नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ‘वीस’ (Wies) नावाच्या ठिकाणच्या चर्चमध्ये (1745–54) हाच खेळ आणखी धीटपणे खेळलेला दिसतो. डोमिनिकुस त्सिमरमान याने बांधलेल्या या चर्चचे छत त्याचा भाऊ योहान बाप्टिस्ट याने रंगवले असून, रंग कुठे संपतो आणि स्टकोचा, म्हणजे गिलाव्यातील नक्षीचा, उठाव कुठे सुरू होतो हे खाली उभे राहून ठरवणे अवघड जाते.

सांधा पाहून झाला की एखादा अलंकार निवडावा आणि मनातल्या मनात त्याची मधोमध घडी घालावी. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, एका अंगाला शिंपला कलंडलेला आणि दुसऱ्या अंगाला पानांचा झुबका निघाला, तर तो खास रोकोकोचा ‘रोकाय’ समजावा. बागेतील कृत्रिम गुहा खडक आणि शिंपल्यांनी सजवत, तिथून हे नाव आले. मात्र एवढ्यावरून सगळी खोलीच वाकडी आहे असे ठरवण्याची घाई करू नये. एका भिंतीवर डावीकडे झुकलेल्या नक्षीला जोड म्हणून समोर उजवीकडे झुकलेली नक्षी बऱ्याचदा असते, आणि तपशिलातली ही वक्रता दालनाचा एकूण तोल ढळू देत नाही. रोकोकोला स्वैर म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटते, असे मला वाटते.

आरसे पाहताना विजेचे दिवे विसरावेत. म्युनिकजवळील निम्फेनबुर्ग राजवाड्याच्या उद्यानात वास्तुकार कुविलिए याने 1734 ते 1739 या काळात अमालिएनबुर्ग हा शिकारमहाल उभारला. त्यातील गोल दालनात फिकट निळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी स्टको आहे आणि खिडक्यांच्या जोडीला आरसे आहेत. आरशात बाहेरची झाडे दिसतील अशा जागी उभे राहावे, म्हणजे भिंत नाहीशी होते. रात्री मेणबत्त्यांच्या हलत्या ज्योतीत चांदीचा वर्ख कसा लकाकत असेल, याची कल्पना मात्र स्वतःच करावी लागते.

सामानापैकी खणांचे बुटके कपाट आधी पाहावे. फ्रेंच त्याला ‘कमोड’ म्हणतात. मराठी वाचकाने दचकू नये. या कपाटाचे पोट पुढे फुगलेले असते, पाय इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असतात आणि कडांवर मुलामा दिलेल्या पितळी-कांस्य नक्षीच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या शोभेच्या तर आहेतच, पण लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या कडा ठोकरून उडू नयेत म्हणून त्या कामाच्याही आहेत.

शैलीच्या उतरत्या काळाची खूणही सामानातच, त्याच्या पायांत, सापडते. 1754 मध्ये फ्रेंच कलावंत कोशँ याने या शैलीची खिल्ली उडवत सोनारांना उपरोधाने विनंती केली होती, की भांड्याच्या झाकणावर खऱ्या आकाराचा आर्टिचोक (एक भाजी) घडवलाच, तर त्याच्या शेजारी बोटाएवढा ससा बसवू नये. हर्क्युलेनियम आणि पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांच्या उत्खननांमुळे प्राचीन वास्तूंची ओढही वाढत होती. कपाटा-खुर्च्यांचे पाय सरळ झालेले दिसले की पुन्हा वर पाहावे: 1762 ते 1768 या काळात बांधलेल्या व्हर्सायच्या पेती त्रियानाँ या छोट्या महालात भिंत आणि छताच्या मधून कंगणी परत सरळ रेषेत धावू लागलेली असते.