क्रिप्टोच्या भावासाठी एजंटकडून चिन्ह नको, आयडी घ्या

एआय एजंटला (टूल वापरून स्वतः कामं करणाऱ्या एआयला) क्रिप्टोचा भाव विचारला की तो टूलकडे, म्हणजे भाव आणण्यासाठी तुम्ही जोडलेल्या छोट्या प्रोग्रामकडे, बहुधा बीटीसी, ईटीएच अशी चिन्हं पाठवतो. एकच चिन्ह अनेक नाण्यांना असतं, त्यामुळे भलत्याच नाण्याचा भाव हाती येऊ शकतो.

१. कॉइनगेको या क्रिप्टोचे भाव देणाऱ्या सेवेच्या नाण्यांच्या यादीत प्रत्येकाचा वेगळा आयडी (ओळखनाव) असतो. ती यादी उतरवून जवळ ठेवा.

२. टूलच्या वर्णनात स्पष्ट लिहा: 'चिन्ह नको, आयडी द्या. चलन आयएनआर (भारतीय रुपया).' खाली एक भरलेला नमुना द्या. एजंट वर्णन वाचूनच टूल वापरतो, म्हणून इथे कंजुषी नको.

३. भावासोबत तो कधीचा आहे, ती वेळही मागवा. ती युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत) येते, भारतीय वेळेत बदलून द्या.

भाव मिळाला नाही तर शून्य मात्र पाठवू नका, एजंट तोच भाव धरून चालतो. 'हा आयडी सापडला नाही' असं सरळ कळवा.