विमानतळावर रात्र काढताना

सोलापूरहून मुंबईमार्गे परदेशी निघताना आधी पाहा: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी असतील तर मुंबईत बॅग स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते. काउंटर साधारण तीनच तास आधी उघडतो, म्हणजे रात्र सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच, बॅगेसकट. टर्मिनलबाहेर सहज म्हणून पडू नका, परत शिरताना अडवतात.

एसी हाडं गोठवतो. सोलापुरी चादर हातातल्या बॅगेतच हवी; चेक-इनमध्ये, म्हणजे काउंटरवर दिलेल्या मोठ्या बॅगेत, गेली की गेलीच! पॉवर बँकही चेक-इनमध्ये चालत नाही. कडक भाकरी खुशाल जवळ ठेवा, शेंगाचटणी मोठ्या बॅगेत, कारण तिखटावरून तपासणीत वाद होतो. झोपताना बॅगेचा पट्टा पायात अडकवा, गजर दोन लावा.