नोकरी सांभाळून ऑनलाइन एफएनपी सर्टिफिकेट: या चुका टाळा

अमेरिकेत एमएसएन, म्हणजे नर्सिंगची मास्टर्स, झालेल्या नर्सला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी), म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हायचं असेल, तर पुन्हा अख्खी मास्टर्स करायची गरज नसते. पोस्ट-मास्टर्स एफएनपी सर्टिफिकेट पुरतं आणि त्याचा थिअरीचा भाग बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतो. धार्मिक परंपरेतल्या अनेक विद्यापीठांचं नर्सिंग शिक्षण नावाजलेलं आहे: जॉर्जटाउन, मार्क्वेट, सेंट लुईस ही जेझुइटांची, व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांची, लोमा लिंडा सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांची. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलसारख्या मिशन परंपरेत शिकलेल्या मराठी नर्सना हे वातावरण परकं वाटणार नाही.

हा कोर्स अर्धवट सुटतो तो अभ्यासामुळे क्वचितच. आठवड्याला तीन बारा-तासी शिफ्ट करणाऱ्या बाईला वाचनाचं ओझं नवीन नसतं. गाडी अडते ती क्लिनिकलच्या, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याच्या, तासांपाशी आणि त्यांच्या कागदांपाशी. म्हणून खालच्या बहुतेक चुका त्याच भोवती फिरतात.

प्रवेशाआधीच होणारी चूक: कोर्स कोणता आणि आपला पाया कोणता

आयसीयूमध्ये दहा वर्षं काढलेली आणि पुढेही आयसीयूतच राहायचं असलेली नर्स एफएनपी घेते, कारण त्याच्या जागा सगळीकडे दिसतात. एफएनपीचं शिक्षण प्रायमरी केअरचं असतं: तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत, पण दवाखान्यात चालत येणारे रुग्ण. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी अ‍ॅक्यूट केअरचा वेगळा ट्रॅक आहे आणि अनेक हॉस्पिटलं त्या कामाला तोच मागतात. दोन वर्षं घालवल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

दुसरी गोष्ट ‘तीन पी’ची. अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, अ‍ॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी आणि अ‍ॅडव्हान्स्ड फिजिकल असेसमेंट हे तीन विषय ग्रॅज्युएट पातळीवर, स्वतंत्र कोर्स म्हणून झालेले हवेत. नर्सिंग एज्युकेशन किंवा लीडरशिपमध्ये एमएसएन केलेल्यांकडे यातला एखादा नसतो, किंवा दोन विषय एकाच कोर्समध्ये कोंबलेले असतात. काही विद्यापीठं पाच-सात वर्षांपेक्षा जुना कोर्स धरतही नाहीत. हे सगळं ‘गॅप अ‍ॅनालिसिस’मध्ये ठरतं: तुमची ट्रान्स्क्रिप्ट त्यांच्या अभ्यासक्रमाशी ओळीला ओळ लावून पाहतात आणि काय धरलं, काय करावं लागेल ते लिहून देतात. हा कागद सहीनिशी हातात आल्याशिवाय प्रवेशाची फी भरू नका. अ‍ॅडव्हायजर फोनवर म्हणाला, “तुमचं फार्मा धरलं जाईल,” याला पुढच्या सेमिस्टरला काहीच किंमत नसते.

महाराष्ट्रात, म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून एम.एस्सी. नर्सिंग करून गेलेल्यांनी आणखी एक पायरी आधी चढावी. बऱ्याच विद्यापीठांच्या प्रवेशनियमात “सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता असलेली एमएसएन” असं लिहिलेलं असतं; या दोन्ही अमेरिकेत नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्था. भारतीय पदवी त्यात बसते का, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हो म्हणाले, तरच विषयवार मूल्यांकन करायला द्या. भारतातून बंद लिफाफ्यात ट्रान्स्क्रिप्ट यायला महिने लागू शकतात, त्यामुळे हे काम सर्वांत आधी हातात घ्यावं.

मान्यता तपासताना फक्त विद्यापीठाची नको, त्या सर्टिफिकेट प्रोग्रामची बघा. एमएसएनला मान्यता आहे म्हणजे पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला आपोआप असते, असं नाही. तशी ती नसेल तर सर्टिफिकेशनच्या, म्हणजे कोर्सनंतर एफएनपी म्हणून काम करायला लागणाऱ्या, परीक्षेला बसता येत नाही.

“ऑनलाइन आहे, म्हणजे कुठूनही”

थिअरी ऑनलाइन, पण क्लिनिकल तुमच्या राज्यातच. त्या राज्यात विद्यापीठाला विद्यार्थी बसवायची परवानगी हवी आणि तुमचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्सही तिथे चालायला हवं. वॉशिंग्टनसारख्या राज्यात बाहेरच्या विद्यापीठाला तिथल्या नर्सिंग बोर्डाची वेगळी मंजुरी लागते. प्रत्येक विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर’ असं पान असतं. त्यात तुमच्या राज्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. कोर्सच्या मधे नवऱ्याची बदली होऊन राज्य बदलणार असेल, तर नव्या राज्याची ओळ आजच वाचून ठेवा.

बऱ्याच कोर्समध्ये कॅम्पसवर दोन ते चार दिवसांची एखादी तरी फेरी असते: टाके घालणं, पेल्व्हिक तपासणी, नकली रुग्णावरची परीक्षा. तारखा आधीच जाहीर होतात, तरी शिफ्टचं वेळापत्रक लागल्यावर धावपळ होते. वेळापत्रक बनवणाऱ्या मॅनेजरला त्या तारखा पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा. डेडलाइन विद्यापीठाच्या घड्याळाने चालते, हेही ध्यानात असू द्या. ईस्टर्न टाइमची रात्री ११.५९ म्हणजे कॅलिफोर्नियात ८.५९, आणि तेव्हा तुम्ही शिफ्टवर असाल.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी हा मार्ग जवळजवळ बंदच समजावा. पूर्णवेळ शिक्षणात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स, फार तर तीन क्रेडिट, धरला जातो.

तासांचं गणित न मांडणं

सर्टिफिकेशनसाठी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली किमान ५०० क्लिनिकल तास लागतात, पण २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी) शिक्षणासाठी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे ७५० तास ठरवले आहेत. तुम्हाला किती करायचे ते गॅप अ‍ॅनालिसिसवर असेल. ७५० धरूनच आखणी करावी.

पंधरा आठवड्यांची तीन सेमिस्टर म्हणजे ४५ आठवडे. ७५० भागिले ४५, म्हणजे आठवड्याला जवळपास १७ तास: आठ तासांचे दोन दिवस, आणि थोडं वर. त्यात तीन शिफ्टचे ३६ तास. झाले ५३, आणि अजून पुस्तक उघडलेलं नाही. दवाखाने बहुधा सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच चालतात, म्हणून तुमच्या शिफ्ट शनिवार-रविवारकडे सरकवाव्या लागतील. मधे एक आठवडा आजारपणात गेला, प्रिसेप्टर (दवाखान्यात शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी) सुट्टीवर गेला, बर्फात दवाखाना बंद राहिला, तर हे तास भरून काढायला जागाच उरत नाही. दर सेमिस्टरला किमान दोन आठवडे रिकामे ठेवून हिशोब करा. जमत नसेल तर चौथं सेमिस्टर घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

रात्रपाळी सकाळी सातला संपवून आठला क्लिनिकलला जाणं ही सर्वांत धोक्याची सवय. चोवीस तास जागलेल्या माणसाच्या हातून लहान मुलाच्या औषधाचा डोस चुकतो. अनेक विद्यापीठांच्या हँडबुकात मधल्या विश्रांतीचे तास ठरवलेले असतात आणि नियम मोडल्यास तो दिवस धरत नाहीत.

तास लिहिण्यातही मेहनत वाया जाते. “११ मार्च, ८ ते ५, नऊ तास” अशी नोंद परत येते. जेवणाचा तास धरत नाहीत. जाण्यायेण्याचा, घरी बसून चार्ट लिहिण्याचा आणि सिम्युलेशनचा तर नाहीच. नोंद अशी हवी: “८.०० ते १७.००, जेवण १ तास, एकूण ८, रुग्ण ११, त्यात बालरोग ३, स्त्रीरोग २, वृद्ध ४, इतर प्रौढ २.” त्याच रात्री भरा. आठवड्याअखेर आठवणीतून भरलेल्या नोंदींत वयोगट चुकतात आणि शेवटच्या सेमिस्टरला कळतं, की बालरोगाचे चाळीस तास कमी आहेत.

प्रिसेप्टर: तोंडी ‘हो’वर विसंबणं

ओळखीची डॉक्टर म्हणते, “ये ना, माझ्याकडे कर.” तुम्ही निश्चिंत होता. पण तिचा दवाखाना एका मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या मालकीचा असतो, आणि विद्यार्थी घ्यायचे की नाही हे त्या समूहाचं शिक्षण कार्यालय ठरवतं. त्यांनी फक्त दोन-तीन ठरलेल्या विद्यापीठांशी करार केलेला असेल, तर डॉक्टरच्या होकाराचा उपयोग नाही.

म्हणून पहिला प्रश्न प्रिसेप्टरला नको, ऑफिस मॅनेजरला हवा: “विद्यार्थ्यांचा करार तुमच्याकडे कोण करतं, आणि आमच्या विद्यापीठाशी करार आहे का?” नसेल तर दोन्हीकडचे वकील तो वाचतात, विम्याच्या रकमेवर घासाघीस होते आणि तीन-चार महिने सहज जातात. करारावर सही होण्याआधी केलेला एकही तास धरत नाहीत. सेमिस्टरच्या सहा महिने आधी सुरुवात करा. प्रिसेप्टरचं लायसन्स, बोर्ड सर्टिफिकेशन आणि सीव्ही एकदमच मागून घ्या; व्यस्त माणसाला तीनदा त्रास दिला की तो मागे हटतो.

प्रिसेप्टरला लिहिताना चार ओळी पुरतात: कोणतं विद्यापीठ, कोणतं सेमिस्टर, किती तास आणि कोणते वार, कोणत्या वयोगटाचे रुग्ण हवेत. तुमच्या वरिष्ठांना किंवा नातेवाइकांना प्रिसेप्टर करता येत नाही आणि पगारी शिफ्टचे तास क्लिनिकलमध्ये मोजता येत नाहीत. एक प्रिसेप्टर ठरला तरी दुसरा हाताशी ठेवा.

श्रद्धेच्या भागाकडे दुर्लक्ष

‘फेथ-बेस्ड’, म्हणजे धार्मिक परंपरेतलं, हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो. कुठे एखादा नीतिशास्त्राचा कोर्स आणि निबंध, कुठे आचारसंहितेवर सही, कुठे श्रद्धाविधान मान्य करावं लागतं. आपण हिंदू, बौद्ध, मुस्लिम असाल तर अनेक ठिकाणी मनापासून स्वागत होतं, पण जे मानत नाही त्यावर सही करू नका. अर्जाआधी वाचा आणि पटलं नाही तर दुसरं विद्यापीठ बघा. अ‍ॅडव्हेंटिस्ट संस्थेत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ असतो. शनिवारी क्लिनिकल करून तास भरून काढू, हा बेत तिथे धरू नये.

कॅथलिक दवाखान्यात क्लिनिकल करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच सांभाळावी. अमेरिकन कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे नैतिक निर्देश तिथे लागू असतात, त्यामुळे गर्भनिरोधनाचा अनुभव फारच कमी मिळतो. परीक्षेत मात्र त्यावर प्रश्न येतात. स्त्रीरोगाचे काही तास दुसऱ्या दवाखान्यात करता येतील का, हे क्लिनिकल समन्वयकाला पहिल्या सेमिस्टरलाच विचारा.

आध्यात्मिक असेसमेंट म्हणजे रुग्णाला धर्म सांगणं, असा गैरसमज करून घेऊ नका. एफआयसीए पद्धतीत चार बाबी विचारतात: श्रद्धा काय, तिचं महत्त्व किती, कोणता समुदाय पाठीशी आहे, आणि उपचारात आम्ही ते कसं लक्षात घ्यावं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एखाद्या मराठी आजींचं उदाहरण घ्या. मधुमेह आहे, साखर कमी करणारी ग्लिपिझाइडची गोळी चालू आहे.

“आजी, उपवास करता का?”
“संकष्टीला करते. चंद्र दिसेपर्यंत काही खात नाही.”
“आणि त्या दिवशी सकाळची साखरेची गोळी?”
“ती घेतेच की. गोळी चुकवायची नाही, असं सांगितलंय ना!”

ग्लिपिझाइड घेऊन दिवसभर काही खाल्लं नाही की साखर खाली जाते, चक्कर येते, पडून हाड मोडू शकतं. रात्री उपवास सोडताना मोदक आणि वरणभात पोटभर खाल्ला की तीच साखर वर चढते. तेव्हा नोंदीत “धर्म: हिंदू” एवढं लिहून भागत नाही. “संकष्टीला चंद्रोदयापर्यंत निराहार, गोळी घेतात, दुपारी चक्कर, त्या दिवसाच्या डोसबद्दल प्रिसेप्टरशी चर्चा, घरी साखर तपासायला सांगितलं” असं लिहा. श्रद्धा आणि उपचार यांचा सांधा दाखवणारा निबंधही अशाच नोंदीतून उभा राहतो.

पैशाच्या बाजूने

नोकरीतून मिळणाऱ्या शिक्षणसाहाय्यातले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात. पण क्लिनिकलसाठी तास कमी केले की तो लाभ आणि कधी आरोग्य विमाही जातो. किमान किती तास ठेवायचे, ते एचआरला विचारा. साहाय्य घेतल्यावर किती काळ नोकरी सोडता येत नाही, ती अटही वाचा. फेडरल कर्ज हवं असेल तर निम्म्या वेळेइतकी तरी क्रेडिट घ्यावी लागतात, आणि तो सर्टिफिकेट प्रोग्राम मदतीस पात्र असावा लागतो.

कोर्स संपल्यावर

सर्टिफिकेशनच्या परीक्षा दोन संस्था घेतात, त्यातली एक पुरते. एएएनपीसीबीची १५० प्रश्नांची, तीन तासांची. तिचा भर दवाखान्यातल्या निदान-उपचारावर. एएनसीसीच्या परीक्षेत व्यावसायिक भूमिका आणि संशोधनावरचेही प्रश्न असतात. शेवटचं सेमिस्टर चालू असतानाच अर्जाचे कागद गोळा करा.

पास झाल्यावर राज्याचं एपीआरएन (अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स) लायसन्स वेगळं काढावं लागतं. आरएनचं कॉम्पॅक्ट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारं, लायसन्स त्याला चालत नाही. या सर्टिफिकेटवर भारतात एफएनपी म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा क्रिटिकल केअर एनपी कोर्स निराळा आहे.

नियंत्रित औषधं लिहायची तर डीईए (अमेरिकेची अंमली पदार्थ नियंत्रण संस्था) नोंदणीसाठी व्यसनविकारांवरचं आठ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. ते तास तुमच्या कोर्समध्ये झालेले असतील तर पदवीपासून पाच वर्षं धरले जातात. ऑनलाइन पोर्टल बंद व्हायच्या आत प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, गॅप अ‍ॅनालिसिस आणि तासांची नोंद पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवा. दुसऱ्या राज्यात लायसन्स काढताना हेच कागद पुन्हा मागतात.