'बदल दिसला नाही' आणि 'बदल नाही' यांत फरक आहे: जिनोम सर्वेक्षणातल्या या चुका टाळा

विषाणूचा जिनोम वाचणाऱ्या यंत्राने, म्हणजे सिक्वेन्सरने, एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर ते आज ना उद्या पकडलं जातं. जे वाचलंच गेलं नाही, तिकडे मात्र कुणी बघत नाही. साथीच्या धावपळीत निघालेल्या चुकीच्या निष्कर्षांच्या मुळाशी बऱ्याचदा अशीच एखादी रिकामी जागा असते.

2021 मध्ये कोरोनाच्या डेल्टा प्रकारात स्पाइक प्रथिनाच्या 142 व्या स्थानावरचा बदल काही जिनोममध्ये दिसायचा, काहींत गायब. विषाणू मागे फिरतोय की काय, असं वाटावं! घोटाळा प्राइमरचा होता, म्हणजे जिनोमचे तुकडे वाढवण्यासाठी घालायच्या छोट्या डीएनए धाग्यांचा. आर्टिक या प्राइमर संचाच्या तिसऱ्या आवृत्तीतला 72 क्रमांकाचा तुकडा डेल्टात नीट वाढत नव्हता आणि 142 ची जागा नेमकी शेजारच्या तुकड्याच्या प्राइमरखाली येत होती. प्राइमर आपणच घातलेला, मूळ वुहान क्रमावर बेतलेला. तो न छाटता पुढे गेलं की विषाणूचं म्हणून प्राइमरचंच अक्षर वाचलं जातं. म्हणून प्राइमर छाटल्याशिवाय व्हेरिअंट कॉलिंगला (बदल शोधण्याच्या कामाला) हात लावू नका, आणि छाटताना ज्या आवृत्तीचे प्राइमर वापरले त्याच आवृत्तीची बेड फाइल (प्राइमरच्या जागांची यादी) द्या. प्रयोगशाळेने संच बदलला आणि विश्लेषण करणाऱ्याला सांगायचं राहिलं, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

याचंच भावंड असलेली चूक मी स्वतः केली आहे. कुठली जागा किती वेळा वाचली गेली हे सांगणारी 'सॅमटूल्स डेप्थ' ही आज्ञा चालवली, 10 पेक्षा कमी रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) असलेल्या जागा काढल्या, त्यांचा मास्क (झाकायच्या जागांची यादी) बनवला आणि अंतिम जिनोम जुळवणाऱ्या 'बीसीएफटूल्स कन्सेन्सस'ला दिला. जिनोम अगदी स्वच्छ आला, 'अक्षर माहीत नाही' याची खूण असलेला एकही 'एन' नाही. शंका तिथेच यायला हवी होती. 'डेप्थ' ही आज्ञा ज्या जागी शून्य रीड्स असतात त्या आपणहून छापतच नाही. त्यासाठी '-ए' पर्याय द्यावा लागतो. म्हणजे सगळ्यात कच्च्या जागाच मास्कमधून निसटल्या आणि तिथे संदर्भ जिनोमची अक्षरं जाऊन बसली. कोरोनाचा संदर्भ जिनोम 29,903 अक्षरांचा आहे. तुमचा नमुना पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत भरलेला दिसला तर खूश होण्याआधी बॅम फाइल (जिनोमवर जुळवलेल्या रीड्सची फाइल) उघडून दोन्ही टोकं डोळ्यांनी बघा.

दोन प्रकारांचं मिश्रण दिसलं की लगेच 'रिकॉम्बिनंट', म्हणजे दोघांचा संकर, म्हणू नका. जानेवारी 2022 मध्ये सायप्रसमधून 'डेल्टाक्रॉन'ची बातमी आली, तेव्हा ते नमुन्यांचं प्रदूषण असावं असं अनेक तज्ज्ञांनी म्हटलं. काही आठवड्यांतच डेल्टा-ओमिक्रॉनचा खरा संकर, एक्सडी, सापडला. खऱ्या संकरात जिनोमचा एक सलग भाग एका प्रकाराचा, पुढचा दुसऱ्याचा असतो आणि प्रत्येक जागी रीड्स जवळपास एकमताच्या असतात. ओळखीच्या बदलांच्या जागी रीड्स 60-40 अशा वाटल्या गेल्या असतील तर आधी त्याच प्लेटवरचा निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला कोरा नमुना) तपासा. मिश्र संसर्गाची शक्यता त्यानंतर.

जिनोमला वंशनाव देणाऱ्या पँगोलिन या प्रणालीने दिलेलं नाव त्याच्या डेटा आवृत्तीसकट नोंदवा. डेल्टाची उपनावं वाढत गेली तसे तेच जिनोम नव्या नावाखाली गेले. आवृत्त्या मिसळल्या तर आलेखात नसलेली लाट दिसते.

दोन रुग्णांचे जिनोम तंतोतंत जुळले तरी कुणाकडून कुणाला लागण झाली हे त्यावरून सांगता येत नाही. हा विषाणू महिन्याला साधारण दोन बदल जमवतो, त्यामुळे चार-पाच दिवसांच्या साखळीत सगळेच एकसारखे असू शकतात.

नमुने कुणी आणि का निवडले हेही विचारा. पीसीआर चाचणीत एस जनुक (स्पाइकचं जनुक) न दिसणं ही ओमिक्रॉनची खूण मानली जात होती, म्हणून सुरुवातीला असे नमुने आधी सिक्वेन्सिंगला पाठवणं तातडीच्या शोधासाठी योग्यच होतं. पण त्या ढिगातून 'ओमिक्रॉन किती टक्के' हे काढणं चूक, आणि बीए.2 या ओमिक्रॉनच्याच उपप्रकारात तर बहुधा एस जनुक दिसतच होतं.

शेवटी तारखा. नमुना घेतल्याची तारीख वापरा, अपलोडची नव्हे. '03/04' म्हणजे मार्च की एप्रिल, हे पाठवणाऱ्यालाच विचारा. नुसतं '2021' लिहिलेल्या नोंदी काही स्क्रिप्ट गुपचूप 1 जानेवारीला टाकतात, आणि वर्षाच्या पहिल्याच दिवशी एक उंच खांब उभा राहतो. आलेखाचं उजवं टोक तर नेहमीच खाली झुकलेलं असतं, कारण अलीकडचे नमुने अजून रांगेत असतात. तेवढे आठवडे करड्या रंगात दाखवा.