पूर आणि ऊन, दोन्हीची तयारी एकदमच करा

पणजीत सांतिनेज खाडीच्या काठाला, मळा भागात नाहीतर वास्कोला बायणात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी लिहितेय. पुराचं वेगळं, उन्हाचं वेगळं असं करत बसू नका, घर एकच आहे आणि पैसेही तेवढेच.

आधी भिंतीवर बघा मागच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं, तिथे ऑइल पेंटने रेघ मारा आणि वर्ष लिहा. आमच्याकडे ती रेघ ओट्याच्या चार बोटं खाली आहे. पण रेघेपर्यंतच सामान उचलून भागणार नाही, समुद्राची पातळी वाढतेय आणि पाऊस कमी वेळात जास्त कोसळतोय, म्हणून स्विचबोर्ड, तांदळाचा डबा, कागदपत्रं सगळं रेघेच्या निदान दीड फूट वर न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भरती. इथे नुसत्या पावसानेच पाणी भरतं असं नाही, मांडवी नदीला भरती असली की गटारातलं पाणी बाहेर जात नाही, उलट आत येतं. भरती दिवसातून दोनदा, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण. म्हणून कॅलेंडरवर या तिथींना लाल गोल करा, आणि त्या दिवसांत हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला (म्हणजे साधारण २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस) तर वाट न बघता रात्रीच सामान वर चढवा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी अडवायची दारंही भरती बघूनच चालतात, भरतीला बंद, ओहोटीला उघडी. त्यामुळे वाड्यामागची सखल जागा कोणी भराव टाकून बुजवत असेल तर ग्रामसभेत नाहीतर नगरसेवकाकडे लेखीच द्या, भरती असताना पावसाचं पाणी थांबायची तीच जागा आहे.

छपराचं काम एप्रिलमध्येच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कितीतरी पत्रे उडाले. शिडी लावलीच आहे तर हुक आवळा, वॉशर बदला आणि मग त्याच पत्र्यांवर पांढरा रंग मारा, दुपारी खोली बरीच कमी तापते. एका मजुरीत दोन कामं.

वाड्यातले आजारी, म्हातारे, गरोदर बायका यांची यादी करा आणि प्रत्येकामागे एक शेजारी ठरवा. तोच शेजारी पावसात त्यांना बाहेर काढेल आणि मार्च ते मे दुपारी पाणी प्यायले का ते विचारेल. भाडेकरू कन्नड, हिंदी बोलणारे असतील तर मेसेज टाइप करू नका, त्यांच्याच भाषेत व्हॉइस नोट पाठवा. मदतीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८.

पाणी ओसरलं तरी वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच लावायचा नाही, आणि चिखल काढताना गमबूट घालायचेच, पायाला जखम असेल तर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो.